प्लाझ्माच्या वाटेला लागणाऱ्या भाचीस

पुणे

चि. छोटीस,



तुझे पत्र परवा मिळाले. एम.एस्सी.चे पहिले वर्ष संपत आले, पुढे प्लाझ्मा खगोलभौतिकीत सैद्धांतिक काम करायचे तू मनात घेतले आहेस, आणि त्यावरून घरात रोज जेवताना वाद होतात, हे सगळे कळले. आई बी.एड. कर म्हणते, बाबा बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भर म्हणतात. त्यांच्यावर रागावू नकोस. कोल्हापुरात भाड्याच्या घरात राहून ज्यांनी दोन मुली शिकवल्या, त्यांना महिन्याच्या एक तारखेची किंमत ठाऊक असते. तू लिहिलेस, 'मावशी, तुझे आयुष्य याच विषयात गेले. खरे काय ते सांग.' म्हणून आज सवड काढून सविस्तर लिहिते आहे.

आधी तू या विषयाकडे वळलीस कशी, त्याबद्दल. शाळेत असताना एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचे चित्र पाहिले आणि तेव्हाच ठरवले, असे तू म्हणतेस. १० एप्रिल २०१९ ला ते चित्र जाहीर झाले आणि त्या केशरी कड्याने जगभरच्या मुलांना वेड लावले. ओढ लागायला हे कारण चांगले आहे, टिकून राहायला मात्र पुरेसे नाही. त्या चित्रातला मधला काळोख आइन्स्टाइनच्या समीकरणांतून येतो. भोवतीचा उजेड आमच्या विषयातला. कृष्णविवराकडे ओढला जाणारा वायू इतका तापतो की अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात, चुंबकीय क्षेत्राभोवती गिरक्या घेतात आणि रेडिओ लहरी बाहेर टाकतात. हा वायू, म्हणजेच प्लाझ्मा, फार विरळ असतो. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या टकरी जवळजवळ होतच नाहीत, त्यामुळे एकाच जागी असूनही दोघांची तापमाने वेगवेगळी राहू शकतात. हार्वर्डमधले रमेश नारायण आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकापासून अशा दोन तापमानांच्या प्रवाहांचा अभ्यास करत आले. तरीही २०१९ च्या चित्राशी ताडून पाहायला जी सिम्युलेशन्स वापरली, त्यांत इलेक्ट्रॉनचे तापमान मूळ नियमांतून निघत नव्हते. एक सोयीचे सूत्र धरून ते वरून घालावे लागले. ते का, कसे आणि किती असावे, हे शोधण्याचे काम अजून चालू आहे. तुझे टेबल त्या कामाच्या आसपास कुठेतरी असेल. कृष्णविवराच्या नावासाठी आलीस तर दोन वर्षांत कंटाळशील. 'ऊर्जा सुटली, तर त्यातला किती वाटा इलेक्ट्रॉनला मिळाला आणि किती प्रोटॉनला?' हा रुक्ष वाटणारा प्रश्न तुला झोपू देत नसेल, तर जरूर ये.

आता हे काम कसे चालते ते उदाहरण करूनच दाखवते. कागद-पेन्सिल घे.

सूर्यावरच्या डागांच्या वर चुंबकीय क्षेत्राची एक कमान आहे असे समज. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी ३०,००० किलोमीटर धर आणि क्षेत्राची तीव्रता १०० गॉस. तीव्रतेचा वर्ग करून त्याला ८ पायने भागलेस की दर घन सेंटिमीटरमागे सुमारे ४०० अर्ग ऊर्जा येते. तिला घनफळाने गुण. उत्तर येईल १ वर ३१ शून्ये इतके अर्ग. चांगल्या मोठ्या सौर ज्वालेत साधारण याच घरातली ऊर्जा बाहेर पडते. म्हणजे ज्वालेचे इंधन चुंबकीय क्षेत्रात आहे हे चार ओळींत पटले. यासाठी संगणक लागला नाही.

आता वेळेचा हिशेब कर. दहा लाख अंश तापलेला प्लाझ्मा विजेचा उत्तम वाहक असतो, त्यामुळे त्यातले चुंबकीय क्षेत्र सहजासहजी विरत नाही. नुसते झिरपून विरायचे म्हटले तर लांबीच्या वर्गाला चुंबकीय विसरणाच्या गुणांकाने भागायचे. एवढ्या तापमानाला तो गुणांक सुमारे १०,००० चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद धरला, तर उत्तर येते जवळजवळ ३ कोटी वर्षे. प्रत्यक्षात ज्वाला काही मिनिटांत भडकते. पीटर स्वीट आणि यूजीन पार्कर यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुचवले की विरुद्ध दिशांची क्षेत्रे एका अतिपातळ थरात दाबली जातात आणि तिथे चुंबकीय रेषा तुटून नव्याने जोडल्या जातात. त्यांच्या सूत्रात वरचेच आकडे घाल, प्लाझ्मातल्या चुंबकीय लहरींचा वेग सेकंदाला ३,००० किलोमीटर धर. आता उत्तर येईल सुमारे ३ वर्षे. तीन कोटींवरून तीनवर येणे ही मोठीच मजल आहे, पण मिनिटे अजून लांबच. १९६४ मध्ये हॅरी पेटशेक यांनी वेगवान मार्ग मांडला. पुढे संगणकावर तपासताना दिसले की विद्युतरोध सगळीकडे सारखा असेल तर तो मार्ग टिकत नाही. २००७ मध्ये लुरेरो, शेकोचिहिन आणि काउली यांनी गणिताने दाखवले की स्वीट-पार्करचा तो पातळ थर स्वतःच अस्थिर असतो, त्याचे तुकडे पडून चुंबकीय बेटांची माळ तयार होते. त्यानंतरच्या कामातून दिसत गेले की अशा थरात क्षेत्र तुटण्याचा वेग विद्युतरोधावर फारसा अवलंबून राहत नाही. स्वीट-पार्करपासून इथपर्यंत यायला पन्नास वर्षे लागली, आणि त्या थरातल्या इलेक्ट्रॉन-प्रोटॉनच्या वाटणीचा प्रश्न, म्हणजे मघाशी कृष्णविवरापाशी सोडलेला प्रश्न, अजून पुढे उभाच आहे.

हे सगळे मुद्दाम लिहिले. या विषयात तुझी खरी पुंजी असा अंदाजी हिशेब हीच असणार. आजकाल विद्यार्थी आल्या आल्या मोठा कोड उतरवून घेतात, महासंगणकावर महिनाभर चालवतात आणि रंगीत चित्रे घेऊन येतात. चित्रातली लांबी कुठून आली, वेळ कुठून आली, असे विचारले की गप्प. तू तसे करू नकोस. कोड चालवण्याआधी उत्तर कितीच्या घरात यायला हवे ते वहीत लिही, आणि मगच बटण दाब.

पार्कर यांचे नाव आलेच आहे तर त्यांच्याबद्दल थोडे जास्त लिहिते, कारण सैद्धांतिक माणसाचे आयुष्य कसे असते ते त्यांच्या एका कामात उघड दिसते. त्या कामामागची हकीकत आपल्याकडूनही जाते. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर उतरले होते. किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' तू शाळेच्या सहलीत पाहिले असशील. त्याच ग्रहणाला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला आपली दुर्बीण घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले. (हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला असे दरवर्षी छापून येते, ते खरे नाही. हेलियमच्या रेषेची गोष्ट १८६८ ची. त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्येच होते. तारीख तपासण्याची सवय तुला असावी, म्हणून हे कंसात.) या सगळ्यांना सूर्याच्या प्रभामंडलाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा दिसत असे. १८६९ पासून ती कोड्यात टाकत होती. 'कोरोनियम' नावाचे नवे मूलद्रव्यही कल्पून झाले. १९४० च्या सुमारास ग्रोट्रियान आणि एडलेन यांनी कोडे सोडवले. ती रेषा तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची निघाली. एवढे इलेक्ट्रॉन निघायला तापमान दहा लाख अंशांच्या पुढे हवे. सूर्याचा पृष्ठभाग सहा हजार अंशांच्याही आत आणि वरचे प्रभामंडल दहा लाखांच्या वर! ते इतके का तापते, याचे पुरते उत्तर अजूनही नाही, हे जाता जाता सांगून ठेवते.

पार्कर यांनी १९५१ मध्ये कॅल्टेकमधून पीएच.डी. केली, चार वर्षे युटात काढली आणि १९५५ मध्ये ते शिकागोला आले. लुडविग बियरमान म्हणत होते की धूमकेतूंच्या शेपट्या पाहता सूर्यापासून सतत कणांचा झोत निघत असला पाहिजे. सिडनी चॅपमन म्हणत होते की सूर्याचे तापलेले वातावरण पृथ्वीच्याही पलीकडे पसरलेले आहे आणि ते स्थिर आहे. दोघेही मोठे, दोघांचाही हिशेब वाजवी. पार्कर यांना दिसले की जागा एकच आहे, म्हणून दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या असू शकत नाहीत. स्थिर वातावरणाचे समीकरण अनंतापर्यंत नेले तर तिथला दाब आंतरतारकीय वायूच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त येतो. त्याला आवर घालणारे बाहेर काहीच नाही. म्हणजे वातावरण स्थिर राहूच शकत नाही, ते वाहिले पाहिजे. सूर्याजवळ हळू, मग एका ठरावीक अंतरावर ध्वनीचा वेग ओलांडून पुढे सेकंदाला शेकडो किलोमीटर. गणित म्हणून हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जमेल इतके सोपे आहे. तू एकदा स्वतः कर, तासाभराचे काम आहे.

हा लेख १९५८ मध्ये 'अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल'कडे गेला, तेव्हा दोन्ही परीक्षकांनी तो नाकारण्याची शिफारस केली. संपादक होते आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनाही ती कल्पना रुचली नव्हती, पण गणितात चूक सापडेना. त्यांनी परीक्षकांचे मत बाजूला ठेवून लेख छापला. १९५९ मध्ये सोव्हिएत लूना यानांनी आणि १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ ने हा वाहता झोत, म्हणजे सौरवात, मोजला. वयाच्या ९१ व्या वर्षी, १२ ऑगस्ट २०१८ ला, पार्कर यांनी आपल्या नावाचे यान सूर्याकडे झेपावताना फ्लोरिडात उभे राहून पाहिले. २०२२ मध्ये ते गेले. डिसेंबर २०२४ मध्ये ते यान सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवर जाऊन आले.

ही गोष्ट सांगताना लोक पार्कर यांच्या धीराचे कौतुक करतात. मला त्यात चंद्रशेखर जास्त मोठे वाटतात. न आवडलेल्या निष्कर्षापुढे, त्यातले गणित बरोबर आहे म्हणून, माघार घेणे फार अवघड असते. तुझ्या हातात कधी दुसऱ्याचा लेख तपासायला येईल, तेव्हा हे आठव.

पण सगळ्यांना चार वर्षांत न्याय मिळत नाही. कृष्णविवराभोवतीच्या चकतीतला वायू आत पडायचा तर त्याने आपला कोनीय संवेग कुणाला तरी द्यायला हवा. साध्या श्यानतेने ते काम होत नाही. ती फारच अपुरी पडते. १९७३ मध्ये शाकुरा आणि सुन्याएव यांनी अडचण अल्फा या एका ग्रीक अक्षरात बंद करून पुढची वाट मोकळी केली. अल्फा म्हणजे नेमके काय, हा प्रश्न तसाच राहिला. उत्तर खरे तर आधीच छापलेले होते. १९५९ मध्ये सोव्हिएत रशियात वेलिखोव यांनी आणि १९६० मध्ये चंद्रशेखर यांनी, फिरणाऱ्या दोन नळकांड्यांमधल्या द्रवात चुंबकीय क्षेत्र घातले तर काय होते, याचे गणित केले होते. आतला पदार्थ बाहेरच्यापेक्षा भरभर फिरत असेल तर अगदी दुबळे क्षेत्रही तो प्रवाह बिघडवते. शेजारशेजारचे दोन थेंब रबराने बांधलेले असावेत तसे: आतला पुढे पळतो, रबर ताणले जाते, बाहेरच्याला ओढून वेग देते आणि आतला वेग गमावून आणखी आत घसरतो. चंद्रशेखर यांच्या १९६१ च्या जाडजूड ग्रंथात हे सारे आहे. चकत्यांवर काम करणाऱ्यांपैकी कुणी त्या पानावर थांबले नाही. १९९१ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात स्टीव्हन बाल्बस आणि जॉन हॉली यांनी ते चकतीला लावले आणि विषयाचा चेहरामोहरा बदलला. मध्ये तीस वर्षे गेली.

यातून तू दोन गोष्टी घ्याव्यास असे मला वाटते. जुने वाचत जा, तेही शेजारच्या विषयातले. अर्काइव्हवर रोज पहाटे नवे लेख येतात. ते चाळायचेच, पण आठवड्यातला एक दिवस तुझ्या जन्माआधीच्या लेखांना दे. आणि तुझे काम कोण, कधी, कशासाठी वापरेल हे तुझ्या हातात नाही. वेलिखोव यांच्यापुढे कृष्णविवर नव्हते. काम नेटके करून, चिन्हे आणि गृहीतके स्पष्ट लिहून ठेवणे एवढेच तुझ्या हाती आहे.

मोठ्या नावांपुढे मान झुकवतानाही डोळे उघडे ठेव. हानेस आल्फवेन यांनी १९४२ मध्ये प्लाझ्मातल्या चुंबकीय लहरी मांडल्या आणि १९७० मध्ये नोबेल मिळवले. चुंबकीय रेषा प्लाझ्माला चिकटून राहतात ही कल्पनाही त्यांचीच. नोबेल व्याख्यानात मात्र त्यांनीच ती कल्पना सरसकट वापरण्यापासून सावध केले. उतारवयात विश्वरचनेबद्दल त्यांनी जे आग्रह धरले ते निरीक्षणांपुढे टिकले नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

आता व्यवहाराचे. सरळ सांगते, गोड करून सांगत नाही.

पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे धर. फेलोशिप २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, वर घरभाडे भत्ता. पुण्यात एकट्या मुलीचे यात नीट भागते, घरीही थोडे पाठवता येते. आईला हा आकडा मुद्दाम सांग, संशोधन म्हणजे उपास असे तिच्या डोक्यात आहे. त्यानंतर पोस्टडॉक, दोन किंवा तीन, प्रत्येक दोन-तीन वर्षांचे, बहुधा वेगवेगळ्या देशांत. कायम नोकरी लागली तर पस्तिशीच्या आसपास. 'लागली तर' हे शब्द मी विचार करून लिहिले आहेत. दरवर्षी पीएच.डी. होणारे पुष्कळ आणि प्राध्यापकाच्या जागा मोजक्या, हे आपल्याकडेही आहे आणि परदेशातही.

कुठे जायचे? पुण्यातच आयुका आणि एनसीआरए एकाच आवारात शेजारी आहेत. नारळीकर सरांनी आयुका उभी केली ती विद्यापीठातल्या मुलांसाठीच, तुझ्यासारख्यांसाठी. आदित्य-एल१ यानावरची, सूर्याची जांभळ्यापलीकडल्या प्रकाशातली छायाचित्रे घेणारी 'सूट' दुर्बीण आयुकात तयार झाली. २ सप्टेंबर २०२३ ला यान निघाले आणि ६ जानेवारी २०२४ ला १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोचले. त्याची माहिती वाचायला सिद्धांतवाले हवेत. खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस थाळ्या आहेत. तिथे पल्सारची स्पंदने वेगवेगळ्या वारंवारतांना मागेपुढे पोचताना दिसतात, ती वाटेतल्या इलेक्ट्रॉनमुळे. म्हणजे तिथेही तुझाच विषय. बंगळुरूला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅस्ट्रोफिजिक्स आणि आयआयएस्सी, मुंबईला टीआयएफआर, अहमदाबादला पीआरएल. गांधीनगरच्या इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्चला कमी लेखू नकोस. ती संस्था उभी करणारे प्रेधिमन काव हे आयआयटी दिल्लीचे पहिले पीएच.डी.; तिथे संलयनासाठी तापवलेला प्लाझ्मा आणि सूर्यावरचा प्लाझ्मा एकाच समीकरणांनी चालतात. प्रिन्स्टनला संलयनाचे काम सुरू करणारे लायमन स्पिट्झर मूळचे खगोलशास्त्रज्ञच होते.

यामुळेच मी घरच्यांना सांगू शकते की या विषयाचा माणूस उपाशी राहत नाही. संलयन आहे, अवकाशातल्या हवामानाचा अंदाज आहे, चिप बनवताना प्लाझ्माने कोरण्याचे काम आहे, मोठ्या संगणकांवरचे काम आहे. प्राध्यापकी हुकली तर तुझी दहा वर्षे वाया गेली असे कुणी म्हणाले तर ऐकू नकोस.

यंदाच्या सुट्टीत रिकामी बसू नकोस. आयुकाचा सुट्टीतला उपक्रम, टीआयएफआरचा तसाच उपक्रम आणि तिन्ही विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप, यांतले जे मिळेल ते घे. अर्णब राय चौधुरी यांचे 'द फिजिक्स ऑफ फ्लुइड्स अँड प्लाझ्माज' पहिल्या पानापासून उदाहरणांसकट सोडव. ते पार्कर यांचे विद्यार्थी, पुढे बंगळुरूला शिकवले. २००७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पुढचे सौरचक्र दुबळे असेल असे गणिताने सांगितले होते, आणि ते तसेच निघाले. ते पुस्तक झाले की रसेल कुलसरुड यांचे घे. लॅपटॉपवर पायथनमध्ये एक छोटा कोड लिही: एकाच रेषेवर, समोरासमोरून जाणारे इलेक्ट्रॉनचे दोन प्रवाह. थोड्या वेळाने ते बिघडतात आणि आलेखात भोवरे उठतात. त्या बिघाडाचा वेग आधी हाताने काढ आणि कोडच्या उत्तराशी ताडून पाहा. ते जुळले त्या दिवशी मला फोन कर, कितीही रात्र झाली असली तरी.

गाईड निवडताना नावाला भुलू नकोस. मागचे विद्यार्थी किती वर्षांत मोकळे झाले, आज कुठे आहेत, पहिल्या लेखावर पहिले नाव कुणाचे होते, हे विचार. हे गाईडना न विचारता त्या विद्यार्थ्यांना कँटीनमध्ये गाठून विचार.

आणि मुलगी म्हणून एक. मला एका मुलाखतीत 'लग्न झाल्यावर हे सोडणार का?' असे विचारले होते. तुलाही कुणी आडून विचारेल. उत्तर द्यायचे बंधन नाही, पुढचा प्रश्न भौतिकीतला विचारा म्हण. लग्न कर, करू नकोस, तो तुझा प्रश्न. पण ज्याच्याशी करशील त्याला पोस्टडॉक म्हणजे काय ते साखरपुड्याआधी समजावून सांग, नंतर नाही. मार्गारेट किवेलसन यांनी मुले लहान असताना बरीच वर्षे अर्धवेळ काम केले, आणि पुढे गॅलिलिओ यानाच्या चुंबकमापकाची धुरा सांभाळली. गुरूच्या युरोपा या चंद्राच्या बर्फाखाली समुद्र असल्याचा भक्कम पुरावा त्यातूनच मिळाला. खंड पडला म्हणजे संपले असे नाही. आपल्याकडे खंडानंतर परतणाऱ्या स्त्रियांसाठी विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची योजना आहे, ती ध्यानात ठेव. पण खंड पडलाच पाहिजे असेही कुणी तुझ्या मनात भरवू देऊ नकोस.

आता घरच्या वादाचे. नेटची परीक्षा दे, आणि सेटही दे. नेटमध्ये वर आलीस तर फेलोशिप मिळेल आणि संशोधनाचे दार उघडेल. नाहीतर त्याच परीक्षेने कॉलेजात शिकवण्याची पात्रता येते, म्हणजे आईला हवी ती नोकरीची वाटही मोकळी राहते. टीआयएफआर आणि जेस्ट या परीक्षा त्याच अभ्यासावर होतात. बाबांकडे दोन वर्षे माग, जास्त नाही. दोन वर्षांत यातले काहीच झाले नाही तर बँकेचा फॉर्म मी स्वतः तुझ्याबरोबर बसून भरेन. हे त्यांना माझे नाव घेऊन सांग, आणि तिघे मिळून ठरवा. फॉर्मच्या तारखा निघून जायच्या आत ठरवा.

तुझी,
मावशी